मथुराकाकूंच्या शेजारची जागा

शांतवनकाका साळवी दुपारची झोप स्वतःच्या कबरीत काढायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. रत्नागिरीच्या जांभ्यात खड्डा खणायचा म्हणजे दिवसच्या दिवस जातात, आणि माणूस काही तेवढी सवड देऊन मरत नाही. म्हणून चर्चच्या मंडळीतले म्हातारे आपापली कबर आधीच खणवून वर माडाच्या झावळ्यांचा झाप टाकून ठेवत. काकांनी ती बायकोच्या, मथुराकाकूंच्या, कबरीला खेटून खणवली होती. आत गारवा होता, जमिनीतून समुद्राची गाज यायची, मोबाईलला रेंज नव्हती.

त्या दिवशी मांडवीच्या किनाऱ्याला एका खलाशाचं प्रेत लागलं. जोहन तिर्की, झारखंडचा, बोटीवरून पडलेला. बोटीच्या मालकाने हार पाठवला आणि फोन बंद केला. जोहनचा भाऊ मार्कुस कब्रस्तानाच्या फाटकाशी उभा होता. मंडळीचे अध्यक्ष भिकाजीराव त्याला समजावत होते, की ही जागा इथल्या कुटुंबांची, आणि नवा खड्डा होईपर्यंत प्रेत काही थांबायचं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. त्या घडीला तयार, रिकामा खड्डा एकच उरला होता, काकांचा. काकांनी सगळं ऐकलं आणि शिडी लावून ते त्यात उतरले.

डोळा लागला तशी बाजूची भिंत धुक्यासारखी विरली. पलीकडे काकू सुकट निवडत बसल्या होत्या. वरून मासे सावकाश, नात्यातल्या लग्नाला निघाल्यासारखे, चालले होते. काकांनी गाऱ्हाणं मांडलं: जन्मभर शेजारी झोपलो, आता मध्येच हा कोण परका? काकूंनी मान वर केली नाही.

"पोर भिजलेलं असेल ना?"

"समुद्रातनं काढलाय. असणारच."

"मग बाहेर कशाला उभा केलाय?"

काका वर आले तेव्हा पाठ मातीने तांबडीलाल होती. तसेच फाटकाशी गेले आणि म्हणाले, माझा खड्डा घ्या.

"आणि तुम्ही गेल्यावर तुम्हाला कुठे ठेवायचं?" भिकाजीरावांनी विचारलं.

"ते तुम्ही बघा. मी तेव्हा वाद घालायला नसेन."

काकांनी वाद न घातलेली एकही सभा भिकाजीरावांना आठवेना. त्यांनी बाह्या सारल्या आणि झाप स्वतः उचलला.

सगळी मंडळी जमली. कुणी मार्कुसला कोरडा सदरा दिला, कुणी पेज. मार्कुस त्याच्या कुडुख भाषेत गायला, बाकीचे मराठीत. गाणी बहुधा दोन निराळी होती, पण संपली एकदमच.

मूठभर माती घेतलेला काकांचा हात तेवढा थांबला. आपण आता इथे कधीच निजणार नाही, हे त्यांना तेव्हा कुठे नीट कळलं. ते शेजारच्या दगडाकडे वाकले.

"मथुरा, हा जोहन," ते म्हणाले. "मराठी येत नाही त्याला. जरा हळू बोल."

आणि त्यांनी मूठ उघडली.