पुढचं दार

त्या कागदावर एकतीस सह्या होत्या आणि एकोणिसावी माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी शूरपणाचा आव आणतेय असं पुढे कुणाला वाटायला नको.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक दुमजली घर आहे. ज्यांचा आजार आता बरा व्हायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, अशी माणसं शेवटचे दिवस तिथे राहतात. नऊ खाटा, तीन सिस्टर, एक स्वयंपाकीण. बाकी सगळं येईल त्याच्या हातांवर चालतं: चादरी बदलणं, कूस वळवून देणं, नखं कापणं, नुसतं शेजारी बसणं. गल्लीच्या समितीचं म्हणणं असं, की तिथलं माणूस गेलं की शववाहिका पुढच्या फाटकाशी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभी राहते. हे बंद व्हावं. गेलेल्या माणसाला मागच्या दाराने, कचऱ्याच्या डब्यांच्या बोळातून न्यावं, आणि तेही रात्री दहानंतर. नाहीतर घराचा परवाना तपासायला लावू.

समितीचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले साहेब, स्वतः पेन घेऊन दारात उभे होते. माझं शिवणाचं मशीन चालू, गिऱ्हाईक समोर. मी सही केली. घाईत केली असं म्हणता येईल, पण ते काही खरं नव्हे. मशीन खिडकीशी आहे, आणि मान वर केली की ती पांढरी गाडी दिसायची, ते मलाही नको होतं.

आता वहिनींविषयी. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई, पण हे वहिनी म्हणतात म्हणून मीही वहिनीच म्हणते. अठ्ठावीस वर्षं शहराच्या बसमध्ये कंडक्टर होत्या. आवाज असा, की शेवटच्या सीटवर घोरणारा माणूस दचकून सुट्टे पैसे काढायचा. भावजी त्या घरात अकरा दिवस होते. गेले तेव्हा दुपारचे चार वाजले होते, आणि सिस्टरपासून स्वयंपाकिणीपर्यंत सगळे त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले होते. महिन्याभराने वहिनी पुन्हा तिथे गेल्या आणि मोठ्या सिस्टरना म्हणाल्या, मला काहीतरी काम द्या, घरात बसून मी भिंतींना तिकिटं देतेय. तेव्हापासून रोज सकाळी आठला त्या हजर.

मलाही त्यांनीच कामाला जुंपलं होतं. मागून उघडे, बंदांचे गाऊन लागायचे, झोपलेल्या माणसाला न उठवता घालता येतील असे. मी शिवायची, त्या पिशवीत भरून न्यायच्या. आत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, भावजी होते तेव्हाही फाटकापर्यंतच गेले होते. माझी मदत कापडापुरती.

कागद पोचला आणि घराचे विश्वस्त घाबरले. परवाना गेला तर नऊ माणसांना कुठे ठेवायचं, या धाकाने त्यांनी समितीच्या सगळ्या अटी मान्य केल्या. नव्या नियमाने पहिल्यांदा गेल्या त्या एक शाळामास्तरीण. त्यांची ट्रॉली बोळातल्या गटाराच्या जाळीत अडकली, आणि दोन डब्यांच्या मधून ती उचलून काढावी लागली. दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, अगदी हळू होता. मग त्यांनी पिशवीतून त्या कागदाची झेरॉक्स काढली आणि माझ्या मशीनवर ठेवली.

"अक्षर छान आहे गं तुझं," त्या म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही उलट बोलता आलं असतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, की उद्या दुपारी तू ये, गाऊन स्वतःच्या हाताने कुणालातरी घालून बघ, कुठे काचतो ते शिवणाऱ्याला कळलं पाहिजे. संध्याकाळी हे म्हणाले, वहिनींच्या भानगडीत पडू नकोस, आपल्याला याच गल्लीत राहायचंय. मी म्हटलं, गाऊन कुठे काचतो एवढंच बघून येते.

चार नंबरच्या खाटेवर एक ट्रकड्रायव्हर होते. साठीचे, एके काळचं दणकट अंग, आता गाऊनमध्ये दोनदा मावेल एवढंच उरलेलं. पोटाचा आजार. जवळचं कुणी नव्हतं, एक मुलगी लांबच्या गावी, ती दर रविवारी येऊन जायची. वहिनींचं आणि त्यांचं रोज भांडण. त्यांच्या मते बसवाल्यांना रस्ता म्हणजे बापाची जहागीर वाटते, वहिनींच्या मते ट्रकवाल्यांना आरसा फक्त भांग पाडायला लागतो. दुखणं वर आलं की भांडण थांबायचं, वहिनी त्यांचा हात धरून बसायच्या, आणि औषध लागू पडलं की जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू.

मी गाऊन घालायला गेले आणि खाटेपासून दोन पावलं लांबच थांबले. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, ताई, मी काही चावत नाही, दात कपाटात आहेत. मी हसले. मग त्यांनी नव्या गाऊनला खिसा मागितला. मी विचारलं, यात ठेवणार काय?

"काही नाही. पण खिसा नसला की माणसाचा पेशंट होतो."

मी त्याच दिवशी घरी येऊन दोन खिसे लावले.

मागच्या दाराची बातमी त्यांच्या कानावर गेलेलीच होती. खाटेवर पडलेल्या माणसाचे डोळे मिटलेले असले तरी कान जागे असतात, हे मला तिथे कळलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वही आणायला सांगितली आणि अध्यक्षांना पत्र लिहून घेतलं. मला ते पाठ आहे. "साहेब, मी चार नंबरच्या खाटेवरचा. अजून आहे. तुमच्या गल्लीत मी पुढच्या दाराने आलो, तेव्हा कुणी अडवलं नाही. छत्तीस वर्षं गाडी चालवली, माल कधी लपवून नेला नाही. मी चोरीचा माल नाही. एकदा येऊन बघा, चहा मिळेल. लवकर आलात तर बरं."

पत्र मीच नेऊन दिलं. अध्यक्षांनी ते उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली आणि मला बसा म्हणाले. माणूस दुष्ट नव्हता, तसं असतं तर मला सगळं सोपं गेलं असतं. ते म्हणाले की त्यांची पत्नी पूर्वी दिवसभर पुढच्या खिडकीत बसायची, आता आतल्या खोलीत पडदे ओढून बसते. दर आठवड्याला ती गाडी बघणं तिला सहन होत नाही. मी म्हटलं, मलाही होत नव्हतं. पण आत जाऊन आले आणि आता होतंय. त्यांनी मान हलवली आणि नियम सगळ्यांच्या सोयीचा आहे, असं म्हणाले.

मग मी मूळ कागद मागितला. आज विचार करते तर वाटतं, माझ्या तोंडून ते गेलंच कसं. त्यांनी तो फाईलमधून काढला. मी त्यांच्याच टेबलावरचं पेन घेतलं आणि एकोणिसाव्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"कागद खराब केलात तुम्ही," ते म्हणाले.

"माझ्यापुरता दुरुस्त केला," मी म्हटलं, आणि घरी येऊन दोन पेले पाणी प्यायले.

ही रेघ वहिनींच्या हाती लागली म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच. त्यांनी उरलेल्या तीस घरांची यादी केली आणि दुपार-संध्याकाळ दारं वाजवायला लागल्या. भाषण नाही, विनवणी नाही. एकच म्हणायच्या, सही केलीत, तुमचा हक्क आहे, आता एक तास येऊन बसा आणि मग सांगा. काहींनी दार लावून घेतलं. एका बाईंनी त्यांना तोंडावर सांगितलं, की नवरा तिथे गेला म्हणून तुम्हाला ते देऊळ वाटतं. वहिनी म्हणाल्या, देऊळ नाही वाटत, तिथला संडास मीच घासते. त्या बाई आल्या नाहीत. पण कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आला, आणि दुसऱ्या दिवसापासून चादरींचे गठ्ठे उचलून न्यायला लागला. बेकरीवाली आली, तिने एका आजोबांची दाढी केली आणि जाताना जिन्यात बसून रडली, पण पुन्हा आली. दोन आठवड्यांत चौदा जणांनी सही मागे घेतली. चौदा म्हणजे निम्मेही नव्हेत. विश्वस्तांनी सांगितलं की नियम तसाच राहील.

बुधवारी सकाळी पावणेदहाला ड्रायव्हर गेले. वहिनी जवळ होत्या, मी पायाशी. आदल्या दिवशी मुलीला बोलावून घेतलं होतं, तीही पोचली होती. तिच्या हातात हात होता, आणि श्वास लांबत लांबत एकदा परत आलाच नाही.

सगळं आवरून झालं. खिशांचा गाऊन अंगात तसाच ठेवला. मग मोठ्या सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. नियमाप्रमाणे ड्रायव्हरना रात्री दहापर्यंत मागच्या खोलीत ठेवायचं होतं. बारा तास. मुलगी बापाच्या पायांवर हात ठेवून उभी होती.

वहिनी म्हणाल्या, "मी त्यांना पुढच्या दाराचा शब्द दिलाय. सिस्टर, तुमची नोकरी आहे, तुम्ही आत थांबा. मी नेते."

सिस्टरनी विश्वस्तांना फोन लावला. पलीकडचं आम्हा सगळ्यांना स्वच्छ ऐकू येत होतं: थांबा, काही करू नका, रात्रीपर्यंत थांबा. सिस्टरनी फोन ठेवला, टोपी नीट केली आणि म्हणाल्या, "नीट ऐकू आलं नाही. चला, पुढचं दार उघडा."

अकरा वाजता गाडी आली आणि गाडीमागोमाग अध्यक्ष. बरोबर समितीचे तिघे. फाटकाच्या मधोमध उभे राहून त्यांनी मान्य झालेल्या अटींची आठवण करून दिली. स्ट्रेचरच्या एका बाजूला इस्त्रीवाला, दुसऱ्या बाजूला मी. वजन फार नव्हतं. समोरच्या खिडक्या उघडत होत्या. हे आमच्या ओट्यावर उभे होते. मला वाटलं, आता मला हाक मारतील. त्यांनी चपला घातल्या, गल्ली ओलांडून आले आणि स्ट्रेचरचा मागचा दांडा धरला.

वहिनी पुढे झाल्या. अठ्ठावीस वर्षांचा तो आवाज त्यांनी बाहेर काढला.

"दारात उभं राहू नका. आत या, नाहीतर खाली उतरा."

इस्त्रीवाल्याला हसू आवरेना. मुलगीही, डोळे पुसता पुसता, हसली. अध्यक्ष लालबुंद झाले, म्हणाले, मी याची लेखी तक्रार करणार.

"करा की. पहिलं नाव माझं घाला."

"दुसरं माझं," मी म्हटलं. आणि माझ्या मागून हे म्हणाले, "तिसरं माझं." मोठ्या सिस्टरनी स्वतःचं नाव सांगितलं, हुद्द्यासकट.

आम्ही चालत राहिलो. अध्यक्षांचं मन वगैरे काही पालटलं नाही. स्ट्रेचर अंगावर येत होतं म्हणून ते बाजूला झाले, एवढंच. बेकरीवाली दुकान तसंच टाकून आली होती. आणखी दहा-बारा माणसं दोन्ही बाजूंनी उभी राहिली. भर उन्हात, सगळ्यांसमोर, ड्रायव्हर पुढच्या फाटकातून गेले.

तक्रार झाली. पालिकेचा अधिकारी आला, त्याला आग विझवण्याचं एक नळकांडं मुदत संपलेलं सापडलं, ते बदललं. परवाना राहिला. मोठ्या सिस्टरना विश्वस्तांकडून कडक शब्दांत पत्र आलं, त्या म्हणतात ते त्यांनी जपून ठेवलंय. नियम रद्द झाल्याचं कुणी लिहून दिलेलं नाही, पण पाळतही कुणी नाही. त्यानंतर सहा जण गेले, सहाही पुढून. अध्यक्ष आमच्याशी बोलत नाहीत. त्यांच्या बायकोच्या खिडकीला पडदे आहेत तसेच आहेत, आणि त्याचं मला वाईट वाटतं, पण माझ्या मते त्यावर उपाय म्हणजे कचऱ्याचा बोळ नव्हे.

मी आता मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी जाते. या शुक्रवारी सात नंबरच्या आजींचे केस धुवायचे होते. फार तापट बाई. पहिला तांब्या ओतला तर म्हणाल्या, पाणी गार आहे, तुझ्या सासूने तुला शिवणाशिवाय काही शिकवलंय का? मी म्हटलं, शिवणही माझं मीच शिकले, आणि पाणी तापवायला खाली गेले.