लाल रुमालाची खूण

वन्यजीव तस्करीविरोधी पथकात काकांची नेमणूक शूर माणूस म्हणून झालेली नव्हती, आणि ही गोष्ट काकांइतकी दुसऱ्या कुणालाच पक्की ठाऊक नव्हती. बाकीचे लोक छापे घालत, पाठलाग करत, फोटोत चांगलं दिसेल अशा बेतानं उभे राहत. काका मागच्या खोलीत बसून सोडवून आणलेल्या जनावरांना खाऊपिऊ घालत आणि त्यांची घाण काढत. काका हे नावसुद्धा वयावरून पडलेलं नव्हतं, बसण्याच्या पद्धतीवरून पडलं होतं.

त्यामुळे "उद्या गिऱ्हाईक बनून तुम्हीच जायचं" असं साहेब म्हणाले तेव्हा काकांची छाती जरा फुगली. साहेबांनी ती लगेच खाली आणली.

"बाकी सगळ्यांचे चेहरे या लोकांना पाठ झालेत," साहेब म्हणाले. "तुमचा मलाच कधीकधी आठवत नाही."

बाजारातल्या एका गल्लीत शोभेच्या माशांचं दुकान होतं. तिथे पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेली रानातली कासवं चोरून विकली जातात, अशी खबर होती. दोनदा झडती झाली आणि दोनदा पथक हात हलवत परत आलं. दुकानदार एखादंच कासव दाखवी, बाकीचा माल कुठे आहे ते कुणालाच कळू देत नसे. काकांनी तो माल स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, मग दुकानाच्या दाराशी येऊन लाल रुमालानं कपाळ पुसायचं, की समोरच्या रसाच्या दुकानात बसलेलं पथक आत घुसणार. दुकानदाराला जरा जरी संशय आला तरी माल तासाभरात हलणार आणि वाटेत निम्मी कासवं मरणार. हे काकांना कुणी समजावून सांगायला नको होतं. मागे दुसऱ्या एका छाप्यात सोडवलेली त्यांच्याच ओंजळीत मेली होती.

सोंगाची तयारी मात्र त्यांनी झोकात केली. श्रीमंत मेहुण्याचा रेशमी शर्ट आणला, त्याचीच अंगठी घातली, आरशासमोर उभं राहून भुवया उडवून पाहिल्या.

"श्रीमंत दिसतोय ना?" त्यांनी बायकोला विचारलं.

"अहो, भाड्यानं आणल्यासारखे दिसताय," बायको म्हणाली. "आणि त्या भुवयांना काही होतंय का?"

दुकानात शिरताच काकांनी भुवया उडवल्या, घसा बसल्यागत जाडाभरडा आवाज काढला आणि ठरलेली वाक्यं पाठांतरासारखी म्हटली. दुकानदार काटकुळा, चष्मेवाला, आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी शांत होता. त्यानं गल्ल्याखालून एक पायमोजा काढला. मोज्यातून कासव काढलं, पायांवरची चिकटपट्टी टरकन ओढली आणि ते उताणंच काकांपुढे ठेवलं. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. श्रीमंत गिऱ्हाइकानं अशा वेळी काय करायचं असतं ते त्यांनी घोकलं होतं. कवचावर टिचकी मारायची, नाक मुरडायचं आणि भाव पाडायला घ्यायचा.

काकांनी त्यातलं काहीच केलं नाही. त्यांनी कासव दोन्ही हातांनी अलगद सुलटं केलं, पडलं तरी लागू नये म्हणून टेबलालगत धरलं आणि त्याचं तोंड न्याहाळलं. नाकपुडीवर फेसाचा बुडबुडा होता. काकांनी खिशातला रुमाल काढला, त्याचं टोक ओलं करून नाक पुसलं आणि विचारलं, "ह्याला पाणी कधी दिलं होतं?"

हे विचारून झाल्यावर काकांच्या लक्षात आलं की आपण काय विचारलं. पितळ उघडं पडलं होतं. आता पळून जावं की बेशुद्ध पडावं, एवढाच प्रश्न उरला होता. बेशुद्ध पडणं त्यांना जास्त जमण्यासारखं होतं.

दुकानदारानं चष्मा काढला. "जनावरांचे डॉक्टर आहात?"

"थोडंफार कळतं," काका म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं खरं वाक्य.

दुकानदारानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यानं सर्वांत मोठ्या टाकीखालचं कपाट सरकवलं. मागे एक बुटकं दार होतं. "बघा ना जरा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "पटापट मरतायत. कुठल्या डॉक्टरला दाखवायची सोय नाही."

आत पायमोज्यांच्या राशी होत्या, आणि काही राशी हलत होत्या. बाहेर जाऊन रुमालानं कपाळ पुसावं, एवढंच आता काकांचं काम होतं. काकांनी बाह्या वर सारल्या.

"कोमट पाणी आणा," ते म्हणाले. "उथळ घमेलं. पाणी हनुवटीखालीच राहिलं पाहिजे. आणि त्या पट्ट्या ओढू नका हो, आधी भिजवा."

दुकानदार निमूटपणे पाणी आणत गेला. काका पट्ट्या सोडवत होते, नाकं पुसत होते आणि त्याला भरपूर बोलत होते. ज्या माणसाला पकडायला आलो त्यालाच कामाला लावून आपण रागावतो आहोत, हे ध्यानात आलं तेव्हा रुमाल चिखलाच्या रंगाचा झाला होता.

"हात धुऊन येतो," असं काहीतरी पुटपुटत ते दाराशी गेले आणि त्यांनी तसल्याच रुमालानं कपाळ पुसलं. समोर साहेब रस पीत त्यांच्याकडे बघत होते. काकांनी पुन्हा पुसलं. साहेबांनी दुसरा पेला मागवला. शेवटी काका रस्ता ओलांडून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, मी खूण करतोय."

"लाल रुमाल कुठाय?"

"हाच तो."

सगळे धावले. सर्वांत मागे काका धावले. तेवढ्यात माणूस मागच्या वाटेनं निसटला असणार आणि त्याचं खापर आपल्याच डोक्यावर फुटणार, याची त्यांना खात्री होती. पण दुकानदार घमेल्यापाशी उकिडवा बसला होता. एक पट्टी भिजवून हळूहळू सोडवत होता.

गाडीत बसताना त्यानं काकांकडे वळून पाहिलं. "सोंग मात्र झकास वठवलंत. रुमालानं नाक पुसलंत, तिथेच मी फसलो."

"ते सोंग नव्हतं हो," काका म्हणाले.

तो हसला. साहेबही हसले, आणि काय डोकं चालवलंत म्हणून काकांच्या पाठीवर थाप मारली. काकांना मनापासून वाईट वाटलं, आणि कुणासाठी ते त्यांना सांगता आलं नसतं.

संध्याकाळी मागच्या खोलीत त्यांनी घमेली मांडली. बुडबुड्याचं ते पहिलं कासव मान आत ओढूनच बसलं होतं. काकांनी आशा सोडली होती, तरी समोरून हलले नव्हते. मग त्यानं मान बाहेर काढली, तोंड पाण्याला लावलं आणि घशाची कातडी हलू लागली. काकांना रडूच आलं. त्यांनी खिशात हात घातला. पण रुमाल साहेबांनी पुरावा म्हणून पाकिटात घालून सील केला होता, म्हणून त्यांनी मेहुण्याच्या रेशमी शर्टाच्या बाहीला नाक पुसलं.