वासरं डागली आणि काटा बिघडला

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. पाठ लोखंडी पत्र्याची, तोंड ताटाएवढं गोल आणि स्वभाव जरा तापट. माझा आकडा बघून पुष्कळ जण नाक मुरडतात, पण मी कुणाच्या मर्जीने तो बदलत नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. सुरुवातीची वर्षं धान्याच्या गोदामात पोती तोलण्यात गेली. पोती फार सभ्य असतात, ठेवली की गप्प बसतात. मग एका गोठ्याच्या मालकांनी मला आणलं आणि माझ्या पाठीवर वासरं चढू लागली. एक नाचायचं, दुसरं मला चाटायचं, तिसरं नेमकं माझ्यावरच शेण टाकून वजन कमी करून घ्यायचं. दर रविवारी मालकीणबाई आकडे भिंतीवरच्या फळ्यावर लिहायच्या. आकडे चढले की मालक माझी पाठ थोपटायचे, जणू वासरांना मीच चारा घालत होतो.

पण दरवर्षी एकदा माझे ग्रह फिरायचे. वासरं जरा मोठी झाली की मालक तापलेल्या लोखंडी डागणीने त्यांच्या मांडीवर गोठ्याची खूण डागायचे. "कातडी जाड असते त्यांची. दोन मिनिटांत विसरतात," असं ते सांगायचे. त्यानंतर दोन-तीन रविवार वजन तिथल्या तिथे राहायचं आणि खापर फुटायचं माझ्या डोक्यावर.

या वर्षी बारा वासरं होती. सहा डागून झाली आणि मालकांच्या कमरेत उसण भरली. उरलेली सहा तशीच राहिली. मालक पंधरा दिवस कण्हत पडले होते. तिथूनच त्यांनी फर्मान काढलं, "काटा अडकतोय. मिस्त्रीला दाखवा, नाहीतर भंगारात द्या. आणि मी उठलो की उरलेली सहा डागायची."

मिस्त्री आला. त्याने माझ्यावर मापाची वजनं ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. "मालक, काट्याला काहीही झालेलं नाही," तो म्हणाला.

मालकांना ते पटेना. ते कमरेला हात लावून स्वतःच माझ्यावर चढले. त्र्याण्णव किलो.

"बघ, मी पंधरा दिवस आजारी आहे. चार किलो वाढेन का?"

मिस्त्री छताकडे बघू लागला. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, तुम्हाला कुणी डागलं नाही ना, म्हणून वाढलात."

सगळे हसले, मालकसुद्धा. पण मालकीणबाई हसता हसता थांबल्या आणि फळ्याजवळ गेल्या. "न डागलेली सहाही याच काट्यावर चढतात. ती दर रविवारी वाढली आहेत. मग काटा या सहांचं बरोबर सांगतो आणि त्या सहांचं चूक, असं कसं?"

मालकांनी डागलेल्यांपैकी तांबड्या कालवडीला आणायला लावलं. पूर्वी ही माझ्यावर उडी मारून चढायची. आता तिला ढकलावं लागलं. मालकांनी तिच्या मांडीजवळ नुसता हात नेला, लावलासुद्धा नाही, आणि ती थरथरली. ती थरथर माझ्या पत्र्यातून आत शिरली आणि माझा आकडा थांबेना. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. दुखणं मोजायला माझ्यावर खुणाच नाहीत.

मालकांनी हात मागे घेतला. "अजून दुखतंय हिला?" ते हळूच म्हणाले.

उरलेल्या सहांना डागण्याऐवजी कानात खुणेचे बिल्ले घातले. तेही टोचलंच, पण दुसऱ्या दिवशी ती वैरणीवर तुटून पडली. भंगारवाल्याकडे माझ्याऐवजी ती डागणी गेली.

तांबडी आजही रविवारी येते. मालक हात पाठीमागे बांधून लांब उभे राहतात आणि आकडा थांबेपर्यंत तिला घाई करत नाहीत. मित्रांनो, मुक्या जनावराचं दुखणं खोटं वाटत असेल तर एखाद्या रविवारी या. फक्त तिच्या मागच्या बाजूने येऊ नका.