आमीनच्या आधी

बहरोमने आणखी एक फूल तोडलं आणि नखाने त्याचं पोट फाडलं. आत काळं. शेजारच्या फांदीवरचं घेतलं, तेही काळं. बाहेरून मात्र जर्दाळूची झाडं अशी पांढरीशुभ्र फुललेली, की इस्फारा शहराच्या रस्त्याने जाणाऱ्याने गाडी थांबवून फोटो काढावा.

पाटापलीकडून ओयशा मावशींनी हाक मारली. "काय रे बहरोम, वाचलं ना?"

"दुपारपर्यंत कळेल, मावशी. जरा ऊन पडू दे."

"एवढा शिकलेला तू. तुला आत्ता कळत नाही होय?"

"कळेल म्हटलं ना!" तो उगाचच खेकसला आणि लगेच त्याची त्यालाच लाज वाटली. गावच्या बागायतदार संघाचा तो कृषितज्ज्ञ. फुलातला गाभा काळा पडला की फळ गेलं, हे त्यानेच ओयशा मावशींना शिकवलं होतं. मावशींच्या हातातही एक फाडलेलं फूल होतं. तरी त्या विचारत होत्या, कारण कुणीतरी नाही म्हणावं अशी त्यांची इच्छा होती.

काल संध्याकाळी सगळं गाव हाजी तोलिबांच्या तोंडाकडे बघत होतं. हाजी म्हणजे जुन्या सामुदायिक शेतीच्या काळचे मुकादम. फुलोऱ्याच्या दिवसांत संध्याकाळी ते पाटावर उभे राहायचे, घळीकडे तोंड करून थंडीचा वास घ्यायला एक लांब श्वास ओढायचे आणि सांगायचे, "पेटवा." की गावभर ओला पेंढा आणि शेण्या पेटायच्या, बागांवर धुराचं पांघरूण पडायचं आणि कडाक्याच्या थंडीतून फुलं वाचायची. काल त्यांनी श्वास ओढला आणि म्हणाले, "जा, झोपा निवांत. वारा चालू राहील." लोक झोपले. वारा पडला आणि नदीकाठच्या खोलगट बागा गारठून गेल्या. बहरोमच्या फोनवर हवामानाचा अंदाज होता, पण तो शहराचा. खोलगटात काय होईल हे त्या फोनला कुठून ठाऊक असणार?

ते ठाऊक असणारं यंत्र मिळत होतं. हीच तर बोच होती.

मागच्या शरदात खुजंद शहराहून मनिझा नावाची मुलगी आली होती, एका प्रकल्पातर्फे. चहाखान्यात सगळ्यांसमोर तिने सांगितलं, "दोनपैकी एकच मिळेल. एक, मातीचं सॉफ्टवेअर. तुमच्या बागेत नत्र किती, पालाश किती, कुठे किती खत घालायचं, सगळं सांगेल. दुसरं, हवामानाचं व्यावसायिक केंद्र. बागेतच खांब उभा राहील आणि पारा उतरायला लागला की आधीच प्रत्येकाचा फोन वाजेल."

"म्हणजे मला थंडी कधी पडणार ते खांब सांगणार?" वरच्या मानाच्या बैठकीवरून हाजी म्हणाले. "मग एक करा. माझं नाक कापून त्या खांबाला लावा. विजेचा खर्च तरी वाचेल."

सगळा चहाखाना हसला. मनिझाही हसली. बहरोमसुद्धा.

खरं तर तो बोलायची तयारी करून आला होता. खत थोडं कमीजास्त झालं तर एक हंगाम जरा हलका जातो, पण थंडीने फुलं गेली तर हंगामच जातो, एवढं साधं वाक्य. शिवाय त्याला एक गोष्ट माहीत होती, जी तिथे आणखी कुणालाच माहीत नव्हती. त्याची झेबो हाजींच्या घरची सून. एकदा माहेरी आली तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, पुलाव तळाला लागून सगळं घर जळकट वासाने भरलं, आणि सासरे चुलीशेजारी बसून आरामात चहा पीत होते. त्या मोठ्या तापानंतर त्यांना वासच येत नाही. सासूबाईंनासुद्धा पत्ता नाही. कुणाला सांगू नका हं, मला तिथे नांदायचंय."

त्याने कुणाला सांगितलं नाही. वास वगळूनही यंत्राची बाजू मांडता आली असती, पण व्याह्यांना चारचौघांत खोटं कसं पाडायचं? रोटी मोडून होऊ दे, चहाचा एक फेरा फिरू दे, मग हळूच विषय काढू, असं म्हणत तो बसला. तेवढ्यात हाजींनी दोन्ही तळवे वर धरले. "माती आपली आई. आधी आईला जेवू घाला. आमीन."

इकडे वडीलधाऱ्याने तळवे तोंडावरून फिरवले की विषय संपला. पुन्हा तो काढणं म्हणजे त्यांच्या दाढीला हात घालणं. सगळ्यांचे तळवे तोंडावरून फिरले आणि त्यांत बहरोमचेही होते.

आता तो झाडाखाली बसला आणि त्याने फोन उघडला. सॉफ्टवेअर रोजच्यासारखं आज्ञाधारकपणे विचारत होतं, यंदा अपेक्षित उत्पन्न किती? तो आकडा भरल्याशिवाय ते खताचं प्रमाण सांगत नसे. तसं गुणी होतं बिचारं, त्याचा काही दोष नव्हता. बहरोमने ओयशा मावशींच्या बागेपुढे शून्य लिहिलं. उत्तर आलं, फळांसाठी यंदा खत लागणार नाही. त्याने स्वतःच्या बागेपुढे लिहिलं, मग हाजींच्या. प्रत्येक वेळी तेच उत्तर. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

झेबोचा फोन आला. "बाबा, सासऱ्यांनी सकाळपासून पाणीही घेतलेलं नाही. आता चहाखान्याकडे निघालेत. तुम्ही जा ना."

तो पोचला तेव्हा चहाखाना भरलेला होता, पण बैठकांवर एकही माणूस बसलेला नव्हता. वरची बैठक रिकामी होती. हाजी दाराशी, जिथे लोक चपला-बूट काढतात तिथे, उघड्या जमिनीवर बसले होते. ते खाली बसल्यावर वर कोण बसणार?

"हाजी, असं काय करता? वर या," कुणीतरी म्हणालं. "अल्लाची मर्जी. तुमचा काय दोष?"

"मर्जीला मधे आणू नका," हाजी म्हणाले. "मला वास येत नाही. थंडीचा नाही, पुलावाचा नाही, कशाचाच नाही. दोन हंगाम मी अंदाजाने सांगितलं आणि निभावलं. तो खांब लागला असता तर माझं बिंग फुटलं असतं, म्हणून मला माती आठवली."

ओयशा मावशींनी ओढणीने तोंड झाकून घेतलं.

हाजींनी बहरोमकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. "व्याही, आजपासून दुआ तुम्ही म्हणा. माझ्या तोंडी आता शोभत नाही."

त्यांनी स्वतःच आधी तळवे उघडले. मग सगळ्यांनी उघडले. थंडीने भेगाळलेले हात, खुरप्याचे घट्टे पडलेले हात. आता बहरोमने आमीन म्हणायचं, हात तोंडावरून फिरवायचे, की सगळा दोष त्या म्हाताऱ्याच्या पदरात कायमचा बांधला गेला. कुणीही त्याला काही विचारणार नव्हतं. झेबोचं सासर सुखरूप राहणार होतं.

"थांबा," तो म्हणाला. "आधी माझं ऐका. यांना वास येत नाही, हे मला मागच्या शरदाच्या आधीपासून माहीत होतं. यंत्र कुठलं घ्यायला हवं, तेही माहीत होतं. मी इथेच बसलो होतो आणि आमीन म्हणालो."

बाहेर पाटाचं पाणी वाहत होतं. एकेकाचे तळवे, तोंडाला न लागताच, खाली गेले. ओयशा मावशींनी आपली चप्पल शोधली आणि त्याच्याकडे न बघता त्या बाहेर पडल्या. त्यांच्यामागे बाकीचेही निघाले.

हाजींचे हात तेवढे अजून उघडेच होते. बहरोम खाली, बुटांच्या रिकाम्या झालेल्या जागेत, त्यांच्याशेजारी बसला.