मुद्दाम कच्चा ठेवलेला बोल्ट

मित्रांनो, मी एक जुना रोटाव्हेटर आहे आणि आज माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मला ट्रॅक्टरमागे जोडले की माझी वाकडी पाती गरागरा फिरत आणि आखातातल्या रुस्ताकची दगडाळ माती भुसभुशीत करत. २०१२ साली मी नवाकोरा आलो, तेव्हा अर्बाबने, म्हणजे शेताच्या मालकाने, माझ्यावरून कौतुकाने हात फिरवला होता. आता मी भंगारात पडलो आहे.

ट्रॅक्टर चालवायचा मुनीर आणि देखभाल करायचा भिकाजी. दोघेही कोकणातले, एकाच खाडीच्या दोन काठांवरचे, पण त्यांच्यात छत्तीसचा आकडा. भिकाजी कामाला चोख होता, हे मला त्याचा राग असूनही सांगतो. पात्यांत गुंतलेले खजुराच्या झावळ्यांचे धागे तो रोज काढी, ग्रीस भरी, गिअरबॉक्सचे तेल पाही.

ट्रॅक्टरकडून मला फिरवणाऱ्या दांड्यात एक बोल्ट असतो, मुद्दाम कच्चा. पात्यांत दगड अडकला की तो तुटतो आणि माझा गिअरबॉक्स वाचतो. हे बोल्ट भिकाजी पेटीत कुलूप लावून ठेवी. मुनीरने मागायला यावे आणि चारचौघांत बोलणी खावीत, एवढ्यासाठीच.

“आज परत? डोळे काय गावाला ठेवून आलायस?”

“दगड काय मी पेरले?”

“चालवता येत नसेल तर तसं सांग अर्बाबला!”

एकदा बोल्ट तुटला, तेव्हा मुनीर पेटीकडे फिरकलाच नाही. बाजारातून त्याने जाड पोलादी बोल्ट आणला आणि माझ्यात ठोकला. “खलास! आता त्याचं थोबाड बघायला नको.”

संध्याकाळी ग्रीस भरताना भिकाजीला तो बोल्ट दिसला. माझा जीव भांड्यात पडला. पण तो गालात हसला. “असू दे. तोंडावर आपटला की कळेल.” त्याने नीट ग्रीस भरले, हात पुसले आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी दगड अडकला. बोल्ट हलला नाही. माझा गिअरबॉक्स फुटला आणि तेल वाळूत सांडले. मुनीर ट्रॅक्टरवरून उतरला, भिकाजी धावत आला, ते एकमेकांची कॉलर धरायला. माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

मित्रांनो, तुमच्या वैरात यंत्राला ओढू नका. तुटायचा तो बोल्ट तुटू द्या आणि दुसरा मागायला येईल त्याला हसू नका. माझे एकही पाते आता फिरत नाही. तो पोलादी बोल्ट मात्र अजून जसाच्या तसा आहे.