शुद्धीत घेतलेलं नाव

"आमुशाला न्यायची तिला नदीपल्याड, भगताकडं," रामकिशननं चहाची बशी खाली ठेवत सांगून टाकलं. "बाहेरचंच हाय ते."

दगडाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. आतल्या खोलीत तिची सून राजेश्री भिंतीकडं तोंड करून बसली होती. बाळंत होऊन दीड महिना झाला, पण पोरीला छातीशी धरायचं नाव नाही. लेकरू रडून बेजार झालं की ही म्हणायची, "न्या हिला कुनीतरी. माज्याच्यानं व्हईना." शेजारच्या कुसुमबाईनं ते ऐकलं आणि दुपारपर्यंत गावभर हडळ झाली.

"आवो, माजं आयका जरा," दगडाबाई म्हणाली. "तिला परभनीच्या त्या डाक्टरकडं न्या. माजं बी आसंच झालतं की. डोळ्याला डोळा लागत नव्हता. गोळीनं आराम पडला न्हवं?"

"तू भाकरी कर," रामकिशन म्हणाला. आवाजात राग नव्हता. बैलाला चल म्हणावं तसं म्हणाला.

तिनं लेकाकडं पाहिलं. परमेश्वर मोबाइलात डोकं घालून बसला होता. उन्हाळ्यात त्यानंच आईला परभणीला नेलं होतं आणि गावानं त्याला श्रावणबाळ म्हटलं होतं. पण आईला दवाखान्यात नेणं वेगळं आणि बायकोला नेणं वेगळं. तिथं माणूस बाईलवेडा ठरतो. परमेश्वरला तेवढा हिशेब कळत होता.

तो भगत दगडाबाईला चांगला ठाऊक होता, म्हणजे त्याचा बाप ठाऊक होता. परमेश्वरच्या वेळी ती बाळंत झाली आणि अशीच भिंतीकडं तोंड करून बसली, तेव्हा तिलाही तिथं नेलं होतं. मिरच्यांची धुरी, ओल्या फोकाचे फटके. तिसऱ्या की चौथ्या फटक्याला तिच्या तोंडातून आवाज निघाला म्हणे, "म्या माहूरची आई हाय." फोक थांबला, आणि मारणाऱ्यानंच तिच्या पायावर लोळण घेतली. भूत की देवी, एवढं ठरेपर्यंत तिनं मार खाल्ला होता.

तेव्हापासून दर शुक्रवारी तिला वारं यायचं. एरवी भाजीत मीठ किती घालायचं हेही तिला कुणी विचारत नसे. शुक्रवारी मात्र पालमपासून लोक यायचे. कुणाला लेक हवा असायचा, कुणाची म्हैस आटलेली असायची. आपण काय बोललो हे तिला नंतर आठवत नसे. अंग मात्र दोन दिवस दुखायचं. मग या उन्हाळ्यात झोपच उडाली, ती भर दुपारी शेताशेतांतून हिंडू लागली, आणि परमेश्वरनं डॉक्टर गाठला. गोळीनं झोप आली. वारं यायचं थांबलं. अंगण ओस पडलं तसा रामकिशनचा चेहराही पडला. "गोळीनं आई घालवली घरातून," असं तो पारावर बसून सांगत असे.

अमावस्येला सकाळीच दारात जीप लागली. रामकिशन आणि आश्रुबा, त्याचा चुलतभाऊ, राजेश्रीला दोन्ही दंडांना धरून ओढू लागले. तिनं चौकट घट्ट धरली होती. ती ओरडली नाही की रडली नाही. फक्त म्हणाली, "आत्याबाई."

दगडाबाईनं पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि अंबाडा सोडला.

पण घुमायचं कसं, हेच तिला माहीत नव्हतं. जन्मभर घुमली, पण स्वतःला घुमताना कधी पाहिलं होतं? नवरात्रात देवळात इतर बाया करतात ते आठवून तिनं मान फिरवायला सुरुवात केली. लगेच मान अवघडली. लोक थांबून बघू लागले. आता बोलायला हवं होतं, आणि देवी तर घरच्या धन्याला एकेरीत हाक मारते.

"रामकिशना," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याचं नाव शुद्धीत घेतलं. जीभ झडेल असं तिला वाटलं. झडली नाही.

"सुनंच्या आंगाला हात लावू नको. परभनीला ने तिला. त्या डाक्टरच्या हाताला म्या यश दिलंय."

रामकिशननं सुनेचा दंड सोडला आणि अंगणात आडवा झाला. दगडाबाईला त्याच्या टाळूवरचं टक्कल दिसलं. ते एवढं वाढलंय हे तिला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस दर शुक्रवारी आपल्या पायावर डोकं ठेवत आला, आणि आपण एकदाही तिथं नव्हतो. तिला रडू कोसळलं. आई रडली म्हणून कुसुमबाईनं धावत जाऊन कापूर आणला.

जीप परभणीच्या रस्त्याला लागली. घुमण्याचं सोंग तेव्हाच थांबवता आलं असतं, पण दगडाबाई कापूर विझेपर्यंत घुमत राहिली.

संध्याकाळी मंडळी परतली. बाळंतपणानंतर काही जणींना होतो हा आजार, बरा होतो, पण दमानं घ्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रामकिशन खुशीत होता. "आईनं हुकूम केला म्हनून बरं झालं," तो म्हणाला.

"म्या बी तेच म्हन्ले व्हते."

"तू?" त्यानं खरोखर आठवून पाहिलं. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. "तू कवा म्हन्लीस?"

दगडाबाईनं चहा टाकला. तिला आता भांडायचाही कंटाळा आला होता.

"आन तुज्या गोळ्या आता बंद," बशीत चहा ओतत तो म्हणाला. "आई परत आल्यात."

शुक्रवारी अंगण पुन्हा भरलं. आत राजेश्री लेक मांडीवर घेऊन बसली होती, शेजारणीचं भांडं सांभाळावं तशी, अवघडून. पण घेऊन बसली होती. सासूकडं बघून तिनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

बाहेरून रामकिशननं अदबीनं हाक मारली, "आई, यावं. मंडळी बसलीत."

दगडाबाईनं पदराची गाठ सोडली, गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली. मग केस मोकळे सोडून ती बाहेर गेली.