नंदाचा दुसरा फोटो

"हिच्या कपाळावरचा व्रण कुठं गेला?" मिस वेबरनी प्रिंट खिडकीशी धरली.

नंदा ओशाळली. प्रिंटवर धुळीचे पांढरे ठिपके उमटतात, ते बारीक ब्रशनं करड्या रंगात बुजवायचे, एवढंच तिचं काम. पण मिरजेला वडिलांच्या स्टुडिओत तिनं शेकडो उपवर मुलींचे चेहरे नितळ केले होते. हात आपोआप चालला.

"धूळ आपली, व्रण तिचा," म्हातारीनं नवी प्रिंट पुढे सरकवली.

१९३०नंतरच्या महामंदीत जड कॅमेरा घेऊन ही बाई कापूस वेचणाऱ्यांचे, मजुरांचे फोटो काढत अमेरिकाभर हिंडली होती. तेव्हा असलं काम फारसं कुणी करत नव्हतं. आता, १९८४ साली, म्युझियमची माणसं तिच्या शिकागोच्या खोलीत अदबीनं उभी राहत आणि ती त्यांना बसासुद्धा म्हणत नसे. नंदाला तिचा हा तुसडेपणा मनापासून आवडायचा.

"आता तू बस तिथं," मिस वेबर कॅमेऱ्यामागे जात म्हणाल्या.

नंदाच्या गालांवर देवीचे व्रण होते. लग्न ठरताना अमेरिकेला पाठवलेला स्वतःचा फोटोही तिनंच नितळ केला होता. त्यावरून प्रल्हादनं होकार कळवला, मग मिरजेला येऊन तिला पाहिलं आणि व्रणांचा विषयही न काढता लग्न केलं. सोळा वर्षं तो फोटो मात्र त्याच्या पाकिटात होता. आपण त्याला फसवलं, ही बोच नंदाच्या मनातून कधी गेली नाही. कुणी कॅमेरा काढला की ती चहा टाकायला उठायची.

आज ती बसली.

पुढच्या आठवड्यात तिच्या फोटोची प्रिंट तयार झाली. खांद्यावर धुळीचा एक ठिपका होता, तो तिनं बुजवला. ब्रश गालापाशी थबकला. तिनं तो धुऊन ठेवला.

संध्याकाळी नेपरव्हिल स्टेशनबाहेर प्रल्हाद गाडीत वाट बघत होता. तिनं प्रिंट त्याच्या हातात दिली. त्यानं दिवा लावून ती बराच वेळ पाहिली.

"परफेक्ट! वॉलेटमध्ये बसेल असा छोटा करून मिळेल?"

"तिथं आहे की एक."

"तो? अगं, त्या बाईला मी ओळखतच नाही. तू दुसरा काढू देत नव्हतीस, मग काय करणार?"

"तुम्हाला फसवल्यासारखं नाही वाटलं?"

"मी टोपी घालून फोटो पाठवला होता, विसरलीस?" त्यानं टकलावरून हात फिरवला.

नंदा हसली, आणि तिला रडूही आलं. प्रल्हादनं प्रिंट जपून तिच्या मांडीवर ठेवली. रस्त्यावर बर्फ नव्हतं, तरी घरापर्यंत त्यानं गाडी अगदी सावकाश चालवली.